कल्याणाच्या नावाने

अन्यायाची कथा वाचताना वाचक कोणाच्या बाजूला बसतो, हा प्रश्न आपल्या वाङ्मयचर्चेत फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर बहुधा गृहीतच धरलेले असते. आपण पीडितांच्या बाजूला बसतो, त्यांच्या आसवांत आपली आसवे मिसळतो आणि पुस्तक मिटताना आपण थोडे अधिक चांगले झालो आहोत, अशी भावना मनात रेंगाळत राहते. ही भावना खोटी नसते. पण ती पुरेशी असते का? अमेरिकन लेखिका सेलेस्ट इंग यांची २०२२ साली प्रसिद्ध झालेली 'अवर मिसिंग हार्ट्स' ही कादंबरी वाचल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. कादंबरी मला आवडली आणि तिने मला असमाधानही दिले. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच ठिकाणी आहे असे मला वाटते, म्हणून ते येथे मांडतो.

इंग यांचे आईवडील हाँगकाँगहून अमेरिकेत गेलेले. कादंबरीत त्यांनी नजीकच्या भविष्यातील अमेरिका कल्पिली आहे. देशावरून दीर्घ आर्थिक अरिष्ट ओसरून गेले आहे, त्याचे खापर चीनवर फुटले आहे आणि अमेरिकन संस्कृती व परंपरा यांच्या रक्षणासाठी म्हणून एक कायदा झाला आहे. या कायद्याच्या छायेत ग्रंथालयांतून पुस्तके नाहीशी होतात. चिनी वळणाचा चेहरा असलेल्या माणसाकडे, तो मूळचा कोणत्याही देशाचा असो, संशयाने पाहिले जाते. ज्या आईबापांचे विचार देशाला घातक ठरविले जातात, त्यांची मुले काढून घेऊन परक्या घरी ठेवली जातात. बारा वर्षांचा बर्ड हा कथेचा नायक. त्याची आई मार्गारेट ही चिनी वंशाची कवयित्री. तीन वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली आहे. एके काळी भाषाशास्त्र शिकविणारे वडील आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तके फळ्यांवर लावतात आणि आईचा विषय काढू नको म्हणून मुलाला बजावतात. आईचा माग काढीत बर्ड न्यूयॉर्कला पोचतो. एवढे कथानक आपल्या प्रयोजनास पुरेसे आहे.

ही कल्पना लेखिकेला आकाशातून गवसलेली नाही. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले होते. १९४२ पासून सुमारे सव्वा लाख जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. सरकारने त्याबद्दल कायद्याने क्षमा मागितली ती १९८८ मध्ये. करोनाच्या साथीत पुन्हा तेच चेहरे शिव्याशापांचे आणि हल्ल्यांचे धनी झाले. मार्च २०२१ मध्ये अटलांटा परिसरात एका बंदूकधाऱ्याने आठ जणांना ठार केले. त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. आपल्यालाही हे सर्वस्वी परके नाही. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतील मुले-सुना आज अमेरिकेत आहेत. १९८७ साली न्यू जर्सीतील जर्सी सिटीत भारतीयांना हुसकावण्यासाठी एक टोळी उभी राहिली होती आणि तिने आपले नावच भारतीय स्त्रियांच्या कपाळावरील कुंकवावरून घेतले होते. तेव्हा या कादंबरीतील भीती आपल्या दारापर्यंत येऊ शकते, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता कादंबरीने जे दिले त्याविषयी. तिचे मोठे बळ हे की तिच्यातील दुष्टता दुष्टतेची भाषा बोलत नाही. मुले नेली जातात ती शिक्षा म्हणून नव्हे, तर त्यांच्या हितासाठी. त्यांना चुकीच्या विचारांपासून वाचवायचे आहे, चांगले घर द्यायचे आहे, असे सांगितले जाते. शेजारी गप्प बसतात, कारण 'कल्याण' या शब्दाला विरोध कसा करावा हे त्यांना सुचत नाही. हे निरीक्षण फार खरे आहे. उघड द्वेषाला आपण ओळखतो आणि निदान मनातल्या मनात तरी नाकारतो. कळवळ्याची वस्त्रे लेऊन आलेल्या पूर्वग्रहाला मात्र आपण पाट मांडतो.

मार्गारेटच्या वागण्याने तर मला शलमोन राजाच्या न्यायाची आठवण झाली. दोन स्त्रिया एका बालकावर हक्क सांगतात. राजा तलवार मागवितो. आणि मूल जगावे म्हणून जी त्याच्यावरचा हक्क सोडते तीच खरी माता ठरते. मार्गारेट मुलाला टाकून जाते ती अशीच. आपण घरात राहिलो तर बर्डला उचलून नेतील, हे तिला कळलेले असते. फरक एवढाच की शलमोनाच्या दरबारात न्याय करणारा राजा होता. येथे तलवार राज्याच्याच हाती आहे आणि मातेला ओळखणारा कोणी नाही. मुलाच्या मनात आईविषयी साचलेला राग आणि तिच्या त्यागाचा उशिरा लागलेला अर्थ हे या पुस्तकातील सर्वांत उत्कट भाग आहेत. नेलेल्या मुलांची नावे टिपून गुप्तपणे एकमेकांना पोचविणारे ग्रंथपालही मनात घर करतात. शस्त्र नाही, सत्ता नाही; आहे ती केवळ नोंद ठेवण्याची सवय. तिचेही धैर्य होऊ शकते.

मग असमाधान कशाचे? पहिली गोष्ट अशी की मुले काढून नेणारी माणसे या कादंबरीत जवळजवळ चेहऱ्याविना वावरतात. ती येतात, दार ठोठावतात, जातात. त्यांच्यापैकी एखादी बाई घरी जाऊन आपल्या लेकराला जेवू घालताना काय विचार करीत असेल, हे लेखिका आपल्याला सांगत नाही. ज्या घरांत ती मुले ठेवली गेली त्या घरांतील माणसे स्वतःला अपहरणकर्ते मानीत नसणार, उपकारकर्ते मानीत असणार. त्यांच्या मनात शिरण्याचे काम कादंबरीने टाळले आहे. परिणाम असा की वाचक आरंभापासून अखेरपर्यंत पीडितांच्या ओसरीवर सुखाने बसून राहतो. त्याला कोणी उठवीत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. हे सारे भविष्यात घडते, आणि भविष्यात घडणाऱ्या अन्यायाचा एक सोयीस्कर गुण असा की त्यात अद्याप कोणाचेच हात माखलेले नसतात. 'असे होऊ नये' म्हणून आपण हळहळतो; 'असे झाले आहे' म्हणून मान खाली घालावी लागत नाही. लेखिकेच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात तिने मुलांना आईबापांपासून तोडण्याच्या प्रत्यक्ष इतिहासाचा निर्देश केला आहे. पण टिपण म्हणजे कथा नव्हे, आणि त्या टिपणात आपला इतिहास असण्याचे कारणही नाही. तो आपणच आठवायचा आहे.

आपल्या देशात असा कायदा होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने माणसाला त्याच्या कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून गुन्हेगार ठरविले. नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी आणि पुढे तारेच्या कुंपणातील सेटलमेंट असा तो पसारा वाढत गेला. १९११ साली हा कायदा नव्याने करण्यात आला. त्यात एक कलम असे होते की अशा जमातींतील सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचा आदेश सरकार देऊ शकेल. इंग यांनी एकविसाव्या शतकात कल्पिलेले कलम आपल्या कायद्याच्या पुस्तकात त्यापूर्वी शंभर वर्षे छापलेले होते. हेतूही तोच सांगितला जाई: मुलांचे भले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्य आल्यानंतर या माणसांना आणखी पाच वर्षे थांबावे लागले. म्हणूनच त्यांना 'विमुक्त' म्हणतात. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही आत्मकथने १९८७ साली मराठीत आली, ती या इतिहासाच्या उदरातून. आपण ती वाचली, त्यांना पुरस्कार दिले. पण त्यांना आपण भयकथा म्हणून वाचले नाही, 'त्या लोकांचे जीवन' म्हणून वाचले. त्या जीवनाला बंदिस्त करणारे हात कोणाचे होते, याची चर्चा मागेच राहिली.

वऱ्हाडात हा इतिहास संपलेला नाही. फासे टाकून तितर-लावे पकडणाऱ्या फासेपारध्यांचे बेडे आपल्या गावांच्या शिवेवर आजही आहेत. शिकार बेकायदा झाली, शेती नव्हती, आणि कायदा रद्द होऊनही कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की बेड्याकडे बोट दाखविण्यापूर्वी पुरावा शोधण्याची गरज आपल्यापैकी अनेकांना वाटत नाही. कादंबरीतील अमेरिकन माणूस चेहरा पाहून ठरवितो, आपण आडनाव ऐकून ठरवितो.

चेहरा पाहून ठरविण्यातही आपण मागे नाही. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेण्यात आले. त्यांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती आणि आईची भाषा म्हणून असमिया किंवा नेपाळी बोलणारी कुटुंबेही होती. काहींना तेथे वर्षानुवर्षे राहावे लागले. सुटून परतलेल्या अनेकांची दुकाने-घरे परत मिळाली नाहीत. रीता चौधुरी यांनी या विषयावर 'माकाम' ही असमिया कादंबरी लिहिली, ती २०१० मध्ये. म्हणजे त्या मुलांना आपली कथा लिहिली जाण्यासाठी जवळजवळ अर्धशतक वाट पाहावी लागली. पुढे करोनाच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, ईशान्य भारतातील नागरिकांचा छळ थांबवा अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना द्यावी लागली. अमरावतीला शारीरिक शिक्षणासाठी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेतकीसाठी दूरदूरच्या प्रांतांतील मुले येतात. मणिपूर-नागालँडच्या मुलाला आपल्या बाजारात 'चिनी' म्हणून हाक मारणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो गंमत करीत असतो. पण त्या गमतीत एक निवाडा दडलेला असतो: तू येथला नाहीस.

येथवर आपण सरकार आणि समाज यांच्याविषयी बोललो. आपल्यासाठी याहून अवघड गोष्ट पुढे आहे. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहती चालविण्याचे काम इंग्रज सरकारने ज्यांच्यावर सोपविले, त्यांत सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्था होत्या. आपण त्या संस्थेचे नाही, असे म्हणून येथे सुटका करून घेता येईल. परंतु कॅनडाचे काय? तेथील मूलनिवासींच्या सुमारे दीड लाख मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले. त्यांची भाषा, त्यांचे केस, त्यांची नावे काढून घेण्यात आली. त्यांतील बहुसंख्य शाळा कॅथलिक संघ चालवीत होते. हीच कादंबरी प्रसिद्ध झाली त्या वर्षी, २५ जुलै २०२२ रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कॅनडातील मास्क्वासिस येथे जाऊन, ख्रिस्ती माणसांच्या हातून घडलेल्या या दुष्कृत्याबद्दल मूलनिवासींची क्षमा मागितली.

त्या शाळांतील सगळ्याच धर्मभगिनी व धर्मगुरू क्रूर होते असे कोणी म्हणणार नाही. काहींनी तेथे क्रौर्य केले, हे सिद्ध झाले आहे. पण अनेक जण आपण मुलांना अंधारातून उजेडात आणीत आहोत अशा श्रद्धेने आयुष्यभर राबले असतील. मला या कादंबरीत नेमके हेच माणूस हवे होते: निर्मळ मनाने, प्रार्थना करून, दुसऱ्याच्या मुलाचा हात धरून त्याला त्याच्या आईपासून दूर नेणारे. ते भेटले असते तर वाचकाला ओसरीवरून उठावे लागले असते. प्रभूने सांगितलेल्या भल्या शोमरोनीच्या दाखल्यात आपण स्वतःला नेहमी शोमरोनी समजतो. वाटेवरून बाजूने निघून गेलेले दोघेही धर्मनिष्ठ होते, हे आपण वाचतो आणि विसरतो.

अकोल्याच्या एका वाचनबैठकीत मी हे विचार मांडले तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने रोखठोक हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "पोट्टं टेशनावर भीक मागून रायलं, उपाशी मरून रायलं, त त्याच्या मायबापाले इचारत बसाचं काय? उचलाचं अन् शाळेत घालाचं!" या हरकतीला सहजासहजी उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. बडनेऱ्याच्या फलाटावर हात पसरणाऱ्या मुलाला तसेच राहू देणे म्हणजे त्याच्या संस्कृतीचा आदर करणे, असे मानणे हा शुद्ध निर्दयपणा होय. इंग यांची कादंबरी या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही. तिच्यातील आईबाप सुशिक्षित, प्रेमळ आणि निरपराध आहेत. त्यांची मुले नेणे उघडच अन्याय्य आहे. प्रत्यक्षात निवड अशी सोपी नसते. आई दारिद्र्याने खचलेली असते, बाप तुरुंगात असतो, मूल खरोखरच उपाशी असते. आणि नेमक्या याच ठिकाणी करुणा व पूर्वग्रह एकाच दारातून आत येतात.

मग त्यांना वेगळे ओळखावे कसे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन प्रश्न विचारता येतील. पहिला: मूल कोणत्या कारणाने हलविले जात आहे, त्याच्या भुकेमुळे की त्याच्या जातीमुळे, चेहऱ्यामुळे? दुसरा: आईला विचारले का, आणि तिचा नकार कोणी ऐकून घेणार होते का? तिसरा: मुलाला परत जाण्याची वाट उघडी आहे का, सुट्टीत घरी गेल्यावर त्याला आईशी तिच्या भाषेत बोलता येईल का, आणि तिची लाज न वाटता बोलता येईल का? १९११ चे कलम या तिन्ही प्रश्नांत नापास होते. कॅनडातील शाळाही होतात.

उत्तीर्ण होणारी उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी निवासी शाळा काढली. ते स्वतः त्याच समाजातील. शिक्षकाची नोकरी सोडून या कामात पडले. रस्त्यांवर आणि स्थानकांवर भीक मागणारी मुले त्यांनी गोळा केली, म्हणजे आमच्या शिक्षिकाबाईंचे म्हणणे प्रत्यक्षात आणले. पण तेथे मुलाला आपला बेडा विसरावा लागत नाही, कारण शाळाच बेड्यातून उगवलेली आहे. शाळेचे नाव त्यांनी ठेवले 'प्रश्नचिन्ह'. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी या शाळेची काही बांधकामे पाडण्यात आली. त्यांत मुलांचे ग्रंथालयही होते. येथे कोणी पुस्तकांवर बंदी घातली नव्हती, कोणाच्या मनात द्वेष होता असेही म्हणण्याचे कारण नाही. रस्त्याची रेषा आखली गेली आणि ती तेथून गेली. अशा रेषा कोणाच्या घरांवरून जातात आणि कोणाच्या घरांना वळसा घालतात, एवढेच पाहण्यासारखे आहे.

कादंबरीचा शेवट मला पुष्कळांहून अधिक आवडला, हेही नमूद केले पाहिजे. मार्गारेट शहरभर बाटल्यांच्या टोपणांत दडविलेली लहान ध्वनियंत्रे पेरते आणि एका रात्री त्यांतून हरवलेल्या मुलांच्या कथा, एकेका मुलाची एकेक आठवण, वाचीत राहते. पकडले जाण्याच्या क्षणापर्यंत ती वाचते. त्यामुळे कायदा रद्द होत नाही आणि लोक रस्त्यावर उतरत नाहीत. काही माणसे थबकून ऐकतात, एवढेच. ज्यांना कथेत विजय हवा असतो त्यांना हे अपुरे वाटते. मला ते प्रामाणिक वाटले. शिवाय लेखिकेने एक गोष्ट धैर्याने दाखविली आहे. मार्गारेटच्या कवितेची ओळ हाती धरून जी तरुणी निदर्शनात मारली गेली, ती कृष्णवर्णीय होती. तिच्या आईवडिलांसमोर जाऊन बसल्यावर मार्गारेटला कळते की त्यांच्या दुःखाकडे पाहायला आपल्या घरात आपल्याला कधी शिकविलेच नव्हते. पीडित समाजालाही दुसऱ्याची पीडा दिसेलच असे नाही, ही जाणीव कादंबरीत आहे. लेखिका तेथवर पोचली होती. आणखी दोन पावले पुढे जाऊन ती दार ठोठावणाऱ्याच्या मनात शिरली असती तर हे पुस्तक मोठे झाले असते.

आपण ख्रिस्ती माणसे या देशात संख्येने थोडी आहोत. आपल्याकडेही परके म्हणून पाहणारे आहेत, आणि त्यामुळे या कादंबरीतील भीती आपल्याला चटकन आपली वाटेल. वाटू द्यावी. परंतु तिच्यातील बर्ड आणि मार्गारेट यांच्यात आपण स्वतःला पाहिले तर वाचन अर्धेच झाले. आपल्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, मेळघाटापासून बुलढाण्यापर्यंत आपल्या माणसांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी आयुष्ये वेचली आहेत. ती सेवा खरी आहे, म्हणूनच वरील तीन प्रश्न इतर कोणाहीपेक्षा आपण स्वतःला अधिक वेळा विचारले पाहिजेत. वाचकहो, कादंबरी मिळाल्यास अवश्य वाचा. आणि ती वाचून झाल्यावर आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलाची आई भेटीला येईल तेव्हा तिला बसायला खुर्ची दिली जाते की दाराशी उभे ठेवले जाते, हे एकदा जाऊन पाहा.